आधी सातबारा, मग डांबर

आमच्या घरासमोरचा रस्ता नऊ मीटर रुंद आहे. मंजूर नकाशात तो आहे, नकाशावर शिक्का आहे आणि गेली सतरा वर्षे त्यावरून शाळेच्या बसपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळे जाते-येते. सातबाऱ्यावर मात्र ही जमीन मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहिली. ते वारले, वारसनोंद झाली, फेरफाराने पाच नावे लागली. त्या पाच जणांचा यात काही दोष नाही. कागदावर जे वडिलांचे होते ते मुलांचे झाले. पण त्यातल्या एकाने मागच्या वर्षी आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून केलेल्या वसाहतीच्या, खुल्या जागेला तारेचे कुंपण घालायला घेतले, तेव्हा आम्ही पन्नास घरांचे लोक पहिल्यांदाच कागद काढून बसलो.

नकाशा मंजूर झाला तेव्हा आमचे गाव ग्रामपंचायतीत होते, पुढे शहराच्या हद्दीत आले. मालमत्ता कराचे बिल लवकर आले. ड्रेनेजचे चेंबर तुंबल्याची तक्रार घेऊन गेलो, तेव्हा लेखी उत्तर मिळाले की सदर रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नाही. बिल्डरच्या कार्यालयाच्या जागी आता दुसरेच दुकान आहे. रस्ता पालिकेचा नाही, बिल्डर हजर नाही, सोसायटीच्या नावावर काही नाही. रस्त्यावर पाणी मात्र साचते, आणि त्यातून शाळेत जाणारी मुले आमची असतात.

मला जे म्हणायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. वसाहतीतला रस्ता, त्याखालची गटारे आणि सार्वजनिक सोयींच्या जागा यांची मालकी, नकाशा अंतिम मंजूर होतानाच, पहिला प्लॉट विकला जाण्याआधी, सार्वजनिक नावावर चढली पाहिजे. डांबर, दिवे, चेंबर ही कामे नंतर पूर्ण होतील, त्यांची हमी वेगळी घेता येईल. आज आपण हे नेमके उलट्या क्रमाने करतो. आधी प्लॉट विकले जातात, मग घरे होतात, मग जमतील तशी कामे होतात आणि शेवटी, उरलाच उत्साह तर, हस्तांतरण. त्या शेवटापर्यंत पोचण्यात बिल्डरला काही मिळत नाही आणि पालिकेच्या गळ्यात खर्च पडतो. ज्या कामात दोन्ही पक्षांना तोटा आहे ते काम आपोआप होईल अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

याच शहरांत, याच कार्यालयांत दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यांचे काय होते ते पाहा. विकास आराखड्यातला रस्ता, ज्याला सगळे डीपी रोड म्हणतात, एखाद्याच्या जमिनीतून जात असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ खाली जमीनमालकाला त्याबदल्यात एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात बांधकाम करण्याचा हक्क) किंवा टीडीआर (तोच हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) घेता येतो. टीडीआरचे प्रमाणपत्र हातात पडायचे असेल तर जमीन बोजारहित हवी, ताबा दिलेला हवा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पालिकेच्या नावावर झालेले हवे. मग मोजणी होते, ताबा पावती होते, फेरफारही होतो. तेच तलाठी कार्यालय, तेच भूमी अभिलेख, तेच बिल्डर. फरक एवढाच की मोबदला कागदाला बांधलेला आहे.

ले-आउटच्या आतल्या, म्हणजे अंतर्गत, रस्त्याचा मोबदला मिळत नाही, असेही नाही. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ले-आउटमधल्या प्लॉटना अंतर्गत रस्त्याच्या क्षेत्राचा एफएसआय प्रमाणात वाटून मिळतो. प्लॉट विकताना बिल्डर ते सांगतो आणि त्याप्रमाणे भाव लावतो. म्हणजे रस्त्याखालच्या जमिनीची किंमत प्लॉट घेणाऱ्यांनी चुकती केलेली असते. फक्त तिचा कागद त्यांच्याकडेही येत नाही आणि पालिकेकडेही जात नाही. विकलेल्या, पैसे घेतलेल्या जमिनीवर विकणाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे राहू देणारी ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि हा अन्याय बिल्डरइतकाच मंजुरी देणाऱ्या सरकारचाही आहे.

खुल्या जागेचे थोडे वेगळे आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. आमच्या तीन एकरांत ती बारा गुंठे येते. नियमावली म्हणते की ही जागा रहिवाशांच्या संस्थेची; संस्था अजून झाली नसेल तर ती होताच एक रुपया नाममात्र किमतीला जागा तिच्याकडे देईन, असे हमीपत्र मालकाने द्यायचे. जागेचा गैरवापर होत असेल तर प्राधिकरणाने ती ताब्यात घ्यावी, मात्र इतर कुणाला देऊ नये, असेही त्यात आहे. नियम चांगला आहे. पण हमीपत्र नगररचनेच्या फाइलमध्ये राहते आणि सातबारा महसूल खात्यात. त्या एका रुपयाच्या व्यवहारासाठी कुणी दुय्यम निबंधकाकडे जात नाही. आमचे तारेचे कुंपण याच फटीतून आत आले.

इथे एक कायद्याचा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यावरच सगळे अडते. पुष्कळांना वाटते की नकाशा मंजूर झाला म्हणजे त्यातले रस्ते आणि बागा आपोआप सरकारच्या होतात. तसे नाही. दिल्लीतल्या पंडित चेतराम वशिष्ठ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वीच सांगितले आहे की, कायद्यात तशी तरतूद नसेल तर केवळ ले-आउट मंजूर करताना अट घालून महापालिकेला बाग किंवा शाळेसाठी सोडलेल्या जागेची मालकी फुकट घेता येत नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले की, नकाशात जागा अशी सोडल्यावर मालकाचे तिच्यावरचे हक्क पूर्वीसारखे राहत नाहीत. लोकांच्या वतीने ती सांभाळणाऱ्या विश्वस्तासारखे त्याचे स्थान होते, तो ती विकू शकत नाही. आमच्या रस्त्याचे पाच मालक असे विश्वस्त आहेत. त्यांना ते कुणी सांगितलेले नाही, आणि सातबाऱ्यावर विश्वस्त हा शब्द नाही.

मग तरतूद करता येते का? येते. तमिळनाडूत मोठ्या विकसनात दहा टक्के जागा प्राधिकरणाला बक्षीसपत्राने विनामूल्य द्यायची असा नियम आहे. त्याला चेन्नईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सदनिकाधारकांनी आव्हान दिले. वसंत अपार्टमेंट्सच्या त्या खटल्यात २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. चेतराम निकालात जी उणीव दाखवली होती ती म्हणजे कायद्याचा आधार. तो आधार असला की न्यायालय आडवे येत नाही, हे आता स्पष्ट आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६६ च्या कायद्यात एक कलम घातले तर रस्त्याचे बक्षीसपत्र अंतिम मंजुरीची पूर्वअट होऊ शकते. बक्षीसपत्र नोंदल्याशिवाय अंतिम नकाशा नाही, अंतिम नकाशाशिवाय प्लॉटचे खरेदीखत नाही. मग हस्तांतरणाची घाई बिल्डरलाच होईल, जशी त्याला टीडीआरची होते.

पालिकेचे अभियंते यावर जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. मुरमावर दीड इंच डांबर ओतलेला रस्ता, उतार न पाहता टाकलेली सहा इंची पाइपलाइन, कधीच न चाललेला सांडपाणी प्रकल्प हे सगळे आमच्या नावावर करून आम्ही करदात्यांच्या पैशाने दुरुस्त करायचे का, असा त्यांचा प्रश्न असतो. करू नये. म्हणूनच मालकी आणि देखभाल या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या पाहिजेत. आज दोन्ही एका गाठोड्यात असतात, त्यामुळे कामे निकृष्ट म्हणून मालकीही नाकारली जाते. जमीन पहिल्या दिवशी पालिकेच्या नावावर जावी. देखभाल मात्र कामे पूर्ण होऊन तपासली जाईपर्यंत, आणि त्यानंतरही ठरावीक वर्षे, बिल्डरकडेच राहावी. त्यासाठी अंदाजपत्रकाच्या ठरावीक हिश्शाची बँक गॅरंटी पालिकेकडे असावी. बिल्डर पळाला तर गॅरंटी वटवून पालिकेने काम करावे. जमीन आधीच तिची असल्याने तिला कुणाची परवानगी लागणार नाही.

गॅरंटीची कल्पना नवी नाही. हरियाणात १९७५ पासून कायदा आहे. वसाहतीचा परवाना घेणाऱ्याला विकासकामांच्या अंदाजित खर्चाच्या पंचवीस टक्के बँक गॅरंटी द्यावी लागते, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून पाच वर्षे रस्ते, बागा, पाणी, सांडपाणी सांभाळावे लागते आणि मग सगळे विनामूल्य सरकारकडे किंवा स्थानिक संस्थेकडे सोपवावे लागते. वाचायला उत्तम. पण गुरुग्राममध्ये २००८ मध्ये महापालिका झाली आणि कित्येक जुन्या खासगी वसाहती त्यानंतरही वर्षानुवर्षे तिच्याकडे आल्या नाहीत. कारण पाच वर्षे मोजायला सुरुवात होते पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, आणि दाखला टप्प्याटप्प्याने किंवा अर्धवट घेऊन तो दिवस लांबवता येतो. हस्तांतरण शेवटी ठेवले की त्या शेवटाची तारीख बिल्डरच्या हातात जाते, हा धडा मी तिथून घेतो.

इंग्लंडमधला अनुभवही याच बाजूचा आहे. तिथे १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम ३८ खाली बिल्डर रस्ता स्थानिक प्राधिकरणाला देण्याचा करार करतो आणि हमीचा बॉण्ड ठेवतो. पण करार करणे सक्तीचे नाही. परिणाम असा झाला की, तिथल्या स्पर्धा नियामक संस्थेने २०२४ मध्ये घरबांधणी बाजाराचा जो अहवाल दिला त्यानुसार, अकरा सर्वांत मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या पूर्ण मालकीच्या नव्या घरांपैकी ऐंशी टक्के घरांना वसाहतीच्या देखभालीचा वेगळा आकार लागू आहे. लोक कौन्सिल टॅक्स हा स्थानिक करही भरतात आणि रस्त्या-बागांचे पैसे खासगी कंपनीलाही देतात. सक्ती करा, असेच त्या संस्थेने सुचवले.

दोनदा पैसे भरण्याचे दुखणे आपल्याला पनवेलहून माहीत आहे, आणि तिथे तर बिल्डर खासगी नव्हता. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका स्थापन झाली. खारघर, कळंबोली, कामोठे या सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या वसाहती तिच्यात आल्या, पण सेवा एकदम हस्तांतरित झाल्या नाहीत. लोक सिडकोचा सेवा आकार भरत होते आणि पुढे महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागितला. दुहेरी कराविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. नागपुरात सुधार प्रन्यास या शहरविकासाच्या सरकारी संस्थेची गोष्ट आणखी जुनी आहे. प्रन्यास १९३६ च्या कायद्याने झाला, आणि ‘५७२ ले-आउट’, ‘१९०० ले-आउट’ हे आकडे तिथल्या लोकांच्या तोंडी पत्त्यासारखे बसले आहेत. माणसाने आपल्या राहत्या जागेची ओळख नियमितीकरणाच्या यादीतल्या आकड्याने द्यावी, याचे मला फार वाईट वाटते. तेव्हा हे दुखणे फक्त लोभी बिल्डरांचे आहे असे समजून सुटका होणार नाही. दोन सरकारी संस्थांमध्येही देणे-घेणे शेवटावर सोडले की तेच होते.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे शेतजमीन परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकून झालेल्या वस्त्यांबद्दल, एवढेच म्हणतो की तो प्रश्न यापेक्षा अवघड आहे. २००१ चा कायदा आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवणारी दुरुस्ती यांनी घरे नियमित होतात. तिथे रस्ता म्हणजे शेताचा बांध सोडून ठेवलेली दहा फुटांची वाट असते. तिची मालकी कुणाकडे न्यायची हे ठरवण्याआधी ती रुंद कशी करायची हे ठरवावे लागेल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रहिवाशांच्या बाजूलाही एक अवघड गोष्ट आहे आणि ती मी माझ्याच शेजाऱ्यांशी भांडून बोललो आहे. आम्हाला पालिकेचा झाडूवाला हवा, पालिकेचे दिवे हवेत, आणि तरी ले-आउटच्या तोंडाशी फाटक व सुरक्षारक्षकही हवा. हे दोन्ही मागता येत नाही. सार्वजनिक पैशाने राखलेला रस्ता सार्वजनिकच असला पाहिजे. पलीकडच्या वस्तीतली बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्यावरून जाऊ शकली पाहिजे. फाटक हवे असेल तर तो रस्ता संस्थेच्या नावावर घ्यावा आणि त्याचा खर्च संस्थेने करावा. यात कमीपणा काही नाही, पण निवड आधी करावी लागेल, आणि खरेदीखतात ती स्पष्ट लिहिलेली असावी.

याला जोडूनच एक जागा अशी आहे जिथे मी तडजोड मान्य करणार नाही. एका ले-आउटचा रस्ता शेजारच्या ले-आउटच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथे थांबतो, कारण टोकाला बिल्डरने एक-दोन फुटांची पट्टी आपल्या नावावर राखून ठेवलेली असते. पलीकडच्याला रस्ता जोडायचा असेल तर त्या पट्टीचे पैसे मोजावे लागतात. आमच्या रस्त्याच्या शेवटाला अशीच पट्टी आहे. तिच्यामुळे पलीकडच्या वसाहतीत आग लागली तर अग्निशामक गाडी आमच्याकडून जाऊ शकत नाही, अडीच किलोमीटरचा वळसा पडतो. रस्ता मंजुरीच्या वेळीच, हद्दीपासून हद्दीपर्यंत, पालिकेच्या नावावर गेला तर अशी पट्टी राखताच येणार नाही. माझ्या मते मालकी आधी घेण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे. शहराचे रस्ते एकमेकांना जोडले जातात तेव्हाच ते रस्ते होतात.

पालिकेच्या नावावर जागा गेली की ती सुरक्षित झाली, असेही मी मानत नाही. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये ॲमेनिटी स्पेसच्या जागा दीर्घ मुदतीने खासगी संस्थांना भाड्याने देण्याचा प्रस्ताव आला होता आणि त्याला नागरिकांनी जोरदार विरोध केला होता. ज्या जागा लोकांच्या दवाखान्यासाठी, वाचनालयासाठी, शाळेसाठी सोडून घेतल्या त्या पैसे उभे करायला वापरायच्या, हे मला पटत नाही. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मुद्दप्पा खटला म्हणून तो वकिलांना ठाऊक आहे. म्हणून बक्षीसपत्रातच वापर लिहिलेला असावा, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद असावी. ‘ले-आउट रस्ता’, ‘खुली जागा’, एवढे दोन शब्द जरी तिथे असते तरी आमच्याकडे तारेचे खांब आले नसते. ही नोंद करायला नवा कायदासुद्धा लागणार नाही, नगररचनेने मंजूर नकाशाची प्रत महसूल खात्याला पाठवणे आणि महसूल खात्याने ती नोंदवणे पुरे आहे.

रेराने, म्हणजे स्थावर संपदा कायद्याने, यातले काही सोडवले आहे. पाच वर्षांपर्यंत बांधकामातले आणि सेवांमधले दोष विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी, संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी, सामाईक जागांचे नोंदणीकृत हस्तांतरण, हे सगळे त्यात आहे. पण तो कायदा १ मे २०१७ आधी पूर्ण झालेल्या प्रकल्पांना लागत नाही. आणि आपल्या शहरांच्या कडेची बहुतेक प्लॉटिंगे त्याआधीची आहेत.

त्या जुन्या वसाहतींसाठी उपाय आपल्या राज्याच्या कायद्यातच सापडतो. बिल्डर जमिनीचे खरेदीखत करून देत नसेल तर गृहनिर्माण संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मिळण्याची तरतूद १९६३ च्या मोफा या सदनिका मालकीच्या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आली. बिल्डर आला नाही तरी सक्षम प्राधिकारी सुनावणी घेतो, आदेश देतो, एकतर्फी दस्त नोंदवला जातो. आज जिल्हा उपनिबंधक हे काम करतात. ही वाट सोपी नाही, कागद जमवता जमवता लोक थकतात, पण वाट आहे. तीच ले-आउटच्या रस्त्यांना का नसावी? मंजूर नकाशा हाच पुरावा धरून, रहिवाशांच्या किंवा पालिकेच्या अर्जावर, मालक आणि वारसांना नोटीस देऊन, रस्त्याचे मानीव हस्तांतरण स्थानिक संस्थेच्या नावे व्हावे. चेतराम निकालाप्रमाणे वारसांच्या हातात विकण्याचा हक्क राहिलेलाच नाही, तेव्हा त्यांचे काही हिरावून घेतले असे होत नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही खासगी रस्ता नीट करून घेऊन तो सार्वजनिक जाहीर करण्याची सोय आहे. त्या काळच्या लोकांना हा प्रश्न दिसत होता. मुंबईकराच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘पथ कर’ असा वेगळा रकाना आजही असतो.

छोट्या ग्रामपंचायतींना हे झेपेल का, असे विचारले जाते. देखभाल झेपणार नाही, पण मालकीला खर्च नाही. गावठाणातल्या रस्त्यांची मालकी त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आल्याच आहेत.

आमच्या खुल्या जागेचे काम सध्या तहसील कचेरीत आहे. वारसनोंदीनंतर त्या जागेच्या विक्रीची बोलणी सुरू झाल्याचे कळल्यावर आम्ही तलाठ्यांकडे हरकत दिली, मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत जोडली. प्रत मिळवायलाच सात आठवडे गेले. तलाठी भले माणूस आहेत; त्यांनी नकाशा आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि सांगितले की या गटात रस्ता आहे असे त्यांच्या दप्तरात कुठेच लिहिलेले नाही, तिथे अजून जिरायत लावलेले आहे. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पाच वारसांपैकी दोघांनी मंडल अधिकाऱ्यांसमोर येऊन, जागा लोकांचीच आहे असा जबाब द्यायचे कबूल केले आहे. त्यांच्या वडिलांनी ती तशीच सोडली होती, हे त्यांना आठवते.